बेडरूमची खिडकी सहा फुटाची साडेतीन फूट केली: डोंबिवलीतल्या कॉन्ट्रॅक्टरचा रिव्ह्यू

रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेतीन. घराच्या आतल्या बाजूच्या कामाला साडेचार, बाहेरच्या बाजूला अडीच, सरासरी काढा. कॉन्ट्रॅक्टरचं नाव लिहीत नाहीये कारण तक्रारी आहेत आणि माणूस तसा वाईट नाही, आणि खरं सांगायचं तर असं काम करणारे प्रत्येक नाक्यावर आहेत आणि सगळ्यांची पद्धत उन्नीस-बीस तीच. म्हणून काय बघून घ्यायचं ते लिहिते, नाव घेऊन करायचंय काय.

घर डोंबिवली पूर्वेला, १९९८ ची बिल्डिंग, चार मजली, आम्ही तिसऱ्यावर. बेडरूम दहा बाय बारा, त्यात पश्चिमेला सहा बाय चारची स्लायडिंग खिडकी आणि उत्तरेला चार बाय चारची दुसरी. पश्चिमेची भिंत म्हणजे मार्च ते मे दुपारी तीननंतर तवा. शिवाय एवढी मोठी खिडकी असल्यामुळे कपाटाला धड एक भिंत मिळत नव्हती, गेली कित्येक वर्षं कपाट दारामागे आणि दार कायम अर्धंच उघडायचं. तर ठरवलं की खिडकी डाव्या बाजूने अडीच फूट बंद करायची आणि तिथे कपाट लावायचं. सासूबाईंचा विरोध होता, "उजेड विकून कपाट घेताय", पण दार पूर्ण उघडेल म्हटल्यावर त्या गप्प बसल्या.

एक गोष्ट मात्र कोणीही असलं काही करायच्या आधी बघावी. खोलीला हवा-उजेड किती हवा याचा हिशोब असतो. राष्ट्रीय बांधकाम संहितेत दमट-उष्ण हवामानासाठी खिडक्यांचं क्षेत्रफळ जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश तरी असावं असं आहे, कोरड्या-उष्ण भागात एक दशांश चालतं. आमची खोली १२० स्क्वेअर फूट म्हणजे २० हवेत. पश्चिमेची छोटी करून १४ उरली, उत्तरेची १६, एकूण ३०, म्हणून हो म्हटलं. उत्तरेची खिडकी नसती तर मी हात लावला नसता. आणि यात अजून एक मेख आहे, स्लायडिंग खिडकी कधीच पूर्ण उघडत नाही, दोन काचांची असेल तर एका वेळी निम्मीच उघडते, म्हणजे सहा फुटातून हवा येते तीन फुटातूनच. हे कॉन्ट्रॅक्टर सांगत नाहीत कारण त्यांना स्लायडिंग लावणं सोपं पडतं. याचा फायदा आम्ही कसा घेतला ते खाली लिहिते.

सोसायटीची परवानगी लेखी घ्या. बाहेरून बिल्डिंगचं रूप बदलतं, त्यामुळे कमिटी विचारणारच आणि विचारायलाच पाहिजे. आमच्या सेक्रेटरी काकांनी डिपॉझिट घेतलं आणि एक प्रश्न विचारला जो मला आवडला, "वजन किती वाढणार?" कॉन्ट्रॅक्टर म्हणाला काही नाही हो थोडंसं. तर नवऱ्याने बसून हिशोब केला: अडीच बाय चार फुटाचा भाग, सहा इंची भिंत, म्हणजे पाच घनफूट. लाल विटेचं बांधकाम धरलं तर अडीचशे किलोच्या वर जातं, एएसी ब्लॉक (सच्छिद्र काँक्रीटचे हलके ठोकळे) धरले तर ८५ किलोच्या आसपास. प्लास्टरचं वजन दोन्हीकडे सारखंच, ते वेगळं. आरसीसी फ्रेमच्या, म्हणजे खांब-बीमवर उभ्या बिल्डिंगमध्ये खाली बीम असतो त्यामुळे अडीचशे किलोने आकाश कोसळत नाही पण पंचवीस-सव्वीस वर्षांच्या बिल्डिंगवर उगाच भार कशाला. काकांनी हिशोबाचा कागदच फाइलला लावून टाकला. तुमची बिल्डिंग लोड बेअरिंग असेल, म्हणजे भिंतींवरच उभी असेल, तर हे सगळं इंजिनियरला विचारून, माझ्या रिव्ह्यूवर जाऊ नका.

ब्लॉक की वीट यावर कॉन्ट्रॅक्टरशी बराच वाद झाला. त्याला वीट हवी होती, म्हणे जुन्या विटेला नवी वीटच नीट धरते. यात तथ्य आहे, ब्लॉक वाळताना थोडा आकसतो आणि जोडावर चीर पडू शकते. पण आमची बाहेरची भिंत सहा इंची आणि त्या जाडीत दीडशे मिलिमीटरचा ब्लॉक जसाच्या तसा बसतो. शेवटी तो तयार झाला, "मॅडम म्हणतायत तर सिपोरेक्स लावू", सिपोरेक्स हा खरं तर एक ब्रँड, पण आमच्याकडे अजून बरेच लोक कुठल्याही एएसी ब्लॉकला सिपोरेक्सच म्हणतात.

आता कामाबद्दल. मिस्त्री हाताचा चांगला होता, हे आधी. ओळंबा लावून काम करणारा मिस्त्री आजकाल दिसत नाही, हा लावायचा. जुनी खिडकी आणि ग्रिल काढताना एक टाइल फुटली नाही, पलंगावर प्लास्टिक स्वतः आणून घातलं, डेब्रिज गोण्यांत भरून त्याच दिवशी खाली. ब्लॉक गमवर (ब्लॉक चिकटवायच्या मसाल्यावर) लावले, सांधा जेमतेम तीन मिलिमीटरचा, सिमेंटचा जाड माल थापला नाही. सगळ्यात वर, लिंटेलच्या म्हणजे खिडकीवरच्या आडव्या बीमच्या खाली, बोटभर फट ठेवली आणि ती दोन-तीन दिवसांनी माल दाबून भरली, कारण ब्लॉकचं काम बसतं आणि लगेच गच्च भरलं तर तिथेच आडवी चीर येते. हे मी न सांगता केलं. लिंटेलला हात लावला नाही, जुना सहा फुटी लिंटेल तसाच ठेवला. खिडकी लहान करताना हे एक सुख असतं, मोठी करायची असेल तर सगळं गणित वेगळं.

पण. जुन्या खिडकीच्या बाजूची जी उभी कड होती, तिच्यावर जुनं प्लास्टर, त्यावर ऑइल पेंटचे थर, आणि हा भाई तिथे सरळ ब्लॉक टेकवून बांधायला लागला. मी चहा घेऊन आत गेले तर पहिला थर लावून झाला होता. म्हटलं दादा हे प्लास्टर काढा, ब्लॉक ऑइल पेंटला चिकटणार आहे का? "भाभी कुछ नहीं होगा, उपर से जाली मारेंगे." नाही म्हटलं. कॉन्ट्रॅक्टरला फोन, तो आला, त्याने मिस्त्रीला काही न बोलता थर काढायला लावला, कड विटेपर्यंत सोलली, दाते काढले आणि प्रत्येक दोन थरांमागे जुन्या भिंतीत भोक पाडून सळईचा तुकडा रोवला. म्हणजे माहीत सगळं होतं, फक्त कोणी बघत नसेल तर करायचं नाही. प्लास्टरखालची तारेची जाळी पण जोडाच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जाईल एवढी रुंद लावून घेतली, त्यासाठी जुन्या भिंतीचंही तेवढं प्लास्टर सोलावं लागतं आणि तेच कोणाला नको असतं. नुसती जोडावर चार इंचाची पट्टी मारतात आणि वर पुट्टी, सहा महिन्यांनी बरोबर जुन्या खिडकीच्या मापाची उभी रेघ भिंतीवर उमटते. आमच्या मजल्यावरच एका घरात आहे, जाऊन बघून या.

बाहेरच्या बाजूला मी अडीच का दिले ते आता. कोटेशनमध्ये एक ओळ होती, "बाहेरून फिनिश". बस एवढंच. आतल्या कामाच्या आठ ओळी, ग्रॅनाइटची पट्टी किती इंच तेही लिहिलेलं, आणि पाऊस जिथे लागणार त्या बाजूला दोन शब्द. मी सुरुवातीलाच विचारलं होतं की बाहेरून कसं करणार, तर म्हणाला होईल हो. झालं असं की मिस्त्रीचा हेल्पर खिडकीतून बाहेर उतरून दुसऱ्या मजल्याच्या छज्ज्यावर उभा राहिला, तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर, कमरेला दोरी नाही, पट्टा नाही, हातात घमेलं. विशीतला पोरगा असेल. मी काम तिथल्या तिथे थांबवलं. १९९८ च्या छज्ज्यावर उभं राहायचं आणि तेही असं, माझ्या घराच्या कामासाठी नको. तर कॉन्ट्रॅक्टर म्हणाला की मग झुला (वरून दोरांवर सोडलेला पाळणा) लावावा लागेल, बेल्टवाली माणसं आणावी लागतील, त्याचे सात हजार वेगळे. दिले. देणारच होते. पण ते आधी कोटेशनमध्ये का नव्हते? कारण ते लिहिले तर त्याचा आकडा शेजारच्या कॉन्ट्रॅक्टरपेक्षा मोठा दिसतो, दुसरं काही नाही. माझं ठाम मत आहे की खिडकी छोटी करण्याच्या कामात पैसे बाहेरच्या बाजूचे असतात, आत तर काय दहा स्क्वेअर फुटाची भिंत, ती कोणीही बांधेल. पाणी बाहेरून येतं, माणूस बाहेरून पडतो. कोटेशन वाचताना आधी ती ओळ शोधा.

झुल्यावरची माणसं आली ती मात्र कामाची होती. जुन्या प्लास्टरला टाचे मारले, सिमेंटची स्लरी लावली, जाळी, मग दोन थरांत मिळून वीसेक मिलिमीटर प्लास्टर. वॉटरप्रूफिंगचं लिक्विड मी स्वतः आणलं होतं, डॉ. फिक्सिटचं एलडब्ल्यू प्लस, पन्नास किलोच्या सिमेंटच्या गोणीला २०० मिली हे डब्यावर लिहिलेलं असतं. मिस्त्री लोक अंदाजाने बुच भरून ओततात, मी मोजायला किचनमधलं मेजरिंग कप दिलं (ते परत वापरू नका). क्युरिंगचं मात्र कोणी नाव काढत नाही, प्लास्टर करून गेले की गेले. बाहेरच्या प्लास्टरला आठवडाभर पाणी कोण मारणार? आम्ही नवी खिडकी मुद्दाम नंतर बसवली आणि तोवर त्या मोकळ्या चौकटीतून हात बाहेर काढून झाडांचा स्प्रे पंप मारत बसलो, सकाळ-संध्याकाळ. खिडकी आधी बसवली असती तर हे जमलं नसतं, त्यामुळे क्रम लक्षात ठेवा.

रंगाचं सांगते, बाहेरचा ठिगळ दिसतोच. शेड नंबर तोच घेतला तरी जुना रंग उन्हापावसाने उतरलेला असतो. आणि वरचा छज्जा सहा फुटी, खाली खिडकी साडेतीन फुटी आणि तीही एका बाजूला सरकलेली, रस्त्यावरून बघितलं की जरा तिरकी भांग पाडल्यासारखं दिसतं. मध्यभागी ठेवून दोन्ही बाजूंनी सव्वा-सव्वा फूट बंद केली असती तर छान दिसलं असतं पण जोड दोन झाले असते, पाणी यायला जागा दोन, आणि कपाटाला जागा शून्य. चीर पडायला एकच बाजू असलेली बरी. सेक्रेटरी काका अजून मान वाकडी करून बघतात.

आता खिडकी. वर म्हटलं तसं स्लायडिंग घेतली असती तर साडेतीन फुटातून पावणेदोन फुटाचीच हवा. आम्ही दोन दारांची बाहेर उघडणारी घेतली, पावडर कोटिंगचं अॅल्युमिनियम, रबरी गॅस्केटवाली. ती पूर्ण उघडते, म्हणजे आधी सहा फुटी खिडकीतून तीन फूट हवा यायची, आता साडेतीन फुटीतून साडेतीन, चौकटीची जाडी सोडली तर. उजेड कमी झाला हे खरं आहे, तिथे सासूबाई बरोबर होत्या, पण हवा कमी झाली नाही. फॅब्रिकेटर दुसरा होता, त्याला हे पटवायला वेळ लागला कारण बाहेर ग्रिल असेल तर दार बाहेर उघडणार कसं? उत्तर जुन्या घरांत आहे, गज आतल्या बाजूला आणि दारं बाहेर. माझ्या आजीच्या घरी अशाच होत्या. ग्रिल आत घेतली, एक भाग कुलूप काढून उघडता येईल असा ठेवला कारण आग लागली तर बाहेर पडायला वाट हवी. तोटे पण आहेत, गजांतून हात घालून दार ओढावं लागतं, बाहेरून काच पुसता येत नाही नीट, आणि वाऱ्याला दार आपटू नये म्हणून चांगला स्टे (दार उघडं धरून ठेवणारी पट्टी) लागतो, स्वस्तातला पहिल्याच वादळात वाकतो. मच्छरदाणीची जाळी आतून वेल्क्रोवर आहे, ती दर वेळी काढायचा कंटाळा येतो हे मान्य.

ग्रॅनाइटच्या पट्टीत परत कॉन्ट्रॅक्टर घसरला. खालची पट्टी चक्क लेव्हलमध्ये बसवली. लेव्हल ट्यूबने मोजून, अगदी अभिमानाने. अरे पण खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेर उतार पाहिजे ना, आणि पट्टी भिंतीच्या थोडी पुढे काढून खालून एक खाच मारायची असते म्हणजे पाण्याचा थेंब तिथेच तुटून खाली पडतो, नाहीतर तो पट्टीखालून मागे सरपटत भिंतीत जातो. पुट्टी मारायच्या आधी मी वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या खिडकीतून पाइप सोडून अर्धा तास पाणी मारायला लावलं, आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात आत ओल आली. नशीब पुट्टी झाली नव्हती. पट्टी काढली, उतार देऊन परत बसवली, खाच मारली, सांध्यात न्यूट्रल सिलिकॉन भरलं. याचे त्याने पैसे मागितले नाहीत आणि तोंडही वाकडं केलं नाही, एक शब्द न बोलता दोघं येऊन करून गेले, म्हणूनच रेटिंग साडेतीन आहे, नाहीतर तीनच्या खाली होतं. पाण्याची टेस्ट प्रत्येकाने करून घ्यावी, आणि शेवटचा हप्ता त्यानंतरच.

त्यानंतर एक अख्खा पावसाळा गेलाय. जुलैमध्ये पश्चिमेकडून झोडपतो तेव्हा आधी जुन्या स्लायडिंगच्या ट्रॅकमधून पाणी आत यायचं, खाली फडकी लावून झोपायचो. आता कोरडं आहे. नवीन भिंतीला आतून एक केसासारखी चीर आली, वरच्या कोपऱ्यात, फूटभर लांब, ती पुट्टी घाईत मारल्याची असावी कारण बाहेर त्या जागी काही नाही. कॉन्ट्रॅक्टरला फोटो पाठवला, "येतो ताई दिवाळीनंतर". बघू.

कपाट त्या भिंतीला चिकटवून ठेवलेलं नाही, मागे दीड-दोन इंच हवा ठेवलीय आणि पाठीला वॉटरप्रूफ प्लाय. बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवलं की पावसाळ्यात मागे बुरशी येतेच, भिंत गळो न गळो. सुतार म्हणत होता जागा वाया जाते. जाऊदे.

हे काम बघून खालच्या मजल्यावरच्या ताई विचारत होत्या की किचनची खिडकी पूर्ण बंद करून तिथे वर कॅबिनेट करता येतील का. मी म्हटलं अजिबात नको. छोटी करा, खालून नऊ इंच उचला म्हणजे ओट्याच्या टाइल्स नीट जातील, पण बंद करू नका. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, गळला तर वर छताकडे जातो, सिलिंडरचा जड, तो खाली जमिनीवर साचतो, म्हणजे पाइप गॅस असेल तर वर उघडी जागा हवीच आणि सिलिंडर असेल तर खालीही. चिमणी लावली म्हणजे खिडकी नको हे इंटिरियरवाल्यांचं ज्ञान, चिमणी बंद असते तेव्हा काय? ताईंनी ऐकलं असं वाटतंय, निदान कॅबिनेटचं माप घ्यायला अजून कोणी आलेलं नाही.

खर्च, ज्यांना फक्त आकडा हवाय त्यांच्यासाठी: कॉन्ट्रॅक्टरचं मूळ कोटेशन २६ हजार, झुल्याचे ७ हजार वर, खिडकी ११ हजार, ग्रिल ४ हजार, म्हणजे ४८ हजार, रंग आणि वॉटरप्रूफिंगचं सामान वेगळं. दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरने १९ हजारांत सगळं करतो सांगितलं होतं, त्याच्या कोटेशनमध्ये तर बाहेरची ओळच नव्हती. याच माणसाला परत बोलवेन का? आतल्या कामाला हो, बाथरूमचं करायचंय तेव्हा यालाच सांगणार आहे. बाहेर भिंतीला हात लावायचा असेल तर झुलेवाल्यांना थेट बोलवेन, त्यांचा नंबर घेऊन ठेवलाय.

आणि हो, जुनी अॅल्युमिनियमची खिडकी आणि लोखंडी ग्रिल "आम्ही घेऊन जातो ताई, तुम्हाला त्रास नको" म्हणून गोड बोलून नेतात. देऊ नका. अॅल्युमिनियमचा भंगारात चांगला भाव मिळतो, आमच्या भंगारवाल्याने दिले त्यात झुल्याच्या पैशातला बराच भाग सुटला.